ध्वज, पासपोर्ट आणि पदक : होडिनोशोनी लॅक्रॉस संघाची आंतरराष्ट्रीय वाटचाल

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या नोंदी ज्या कोष्टकांत ठेवल्या जातात, त्यांत राष्ट्राचे अस्तित्व गृहीत धरलेले असते. देश आधी असतो, त्याची क्रीडासंघटना नंतर येते आणि त्या संघटनेने निवडलेला संघ सर्वांत शेवटी मैदानात उतरतो. उत्तर अमेरिकेतील होडिनोशोनी लोकांच्या पुरुष लॅक्रॉस संघाला हा क्रम लागू पडत नाही. या संघामागे राष्ट्र आहे, पण संयुक्त राष्ट्रसंघातील सदस्यत्व नाही. त्याला स्वतःचा ध्वज आणि स्वतःचा पासपोर्ट आहे, पण तो पासपोर्ट मान्य करायचा की नाही हे प्रत्येक वेळी दुसरे कोणी तरी ठरवते. जागतिक स्पर्धांत तीन कांस्य आणि बंदिस्त प्रकारात सलग पाच रौप्यपदके मिळवणाऱ्या या संघाची कामगिरी म्हणूनच केवळ गोलांच्या हिशोबाने समजून घेता येत नाही. स्पर्धेत उतरणे हाच त्याच्या दृष्टीने सार्वभौमत्वाचा एक व्यवहार आहे, आणि त्याचे यशापयश मैदानाइतकेच दूतावासांत, विमानतळांवर आणि क्रीडासंघटनांच्या बैठकांत घडत आले आहे.

खेळाचे स्वरूप

लॅक्रॉस हा टोकाशी जाळी असलेल्या काठीने खेळला जाणारा चेंडूचा खेळ आहे. चेंडू भरीव रबराचा असून क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित लहान व हलका असतो. खेळाडू तो जाळीत झेलतो, जाळीतच हेलकावे देत धावतो आणि जाळीतूनच सहकाऱ्याकडे किंवा गोलाकडे फेकतो. गोलरक्षकाचा अपवाद सोडला तर चेंडूला हात लावण्याची मुभा नसते. मैदानी लॅक्रॉसमध्ये प्रत्येक बाजूस दहा खेळाडू असतात : एक गोलरक्षक, तीन बचावपटू, मधल्या फळीतील तीन आणि आघाडीचे तीन. मैदान सुमारे १०० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असते, तर गोलाची चौकट सहा फूट रुंद व सहा फूट उंच असते. गोलाभोवती आखलेल्या वर्तुळात आक्रमक खेळाडूला पाय ठेवता येत नाही. गोलाच्या मागेही मोकळी जागा असल्यामुळे हल्ला चौकटीच्या पाठीमागूनही रचता येतो. पुरुषांच्या खेळात अंगाने धडक देणे आणि प्रतिस्पर्ध्याच्या काठीवर काठी मारणे हे मर्यादेत नियमसंमत असल्यामुळे खेळाडू शिरस्त्राण, हातमोजे आणि खांद्यावरचे कवच घालून उतरतात. उत्तम खेळाडूने मारलेला चेंडू ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने जातो.

या खेळाचे बंदिस्त रूप, ज्याला बॉक्स लॅक्रॉस म्हणतात, कॅनडात १९३० च्या दशकाच्या आरंभी रूढ झाले. आइस हॉकीची सभागृहे उन्हाळ्यात बर्फाविना रिकामी पडत, त्यांचा उपयोग व्हावा हा त्यामागील व्यावसायिक हेतू होता. येथे प्रत्येक बाजूस गोलरक्षकासह सहाच खेळाडू असतात, गोलाची चौकट लहान असते, कडेच्या लाकडी भिंतींवर आदळून परतणारा चेंडूही खेळात राहतो आणि आक्रमणाला वेळेची मर्यादा असते. अरुंद जागेत, अंगाला अंग भिडलेले असताना, मनगटाच्या हालचालीने अचूक गोल करण्याचे कौशल्य या प्रकारात घडते. होडिनोशोनी वस्त्यांनी हा प्रकार इतका आपलासा केला की त्यांच्या मैदानी खेळावरही त्याची छाप उमटली.

सहा राष्ट्रांचा संघ

होडिनोशोनी हे एका जमातीचे नाव नसून एका राज्यसंघाचे नाव आहे. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, केयुगा आणि सेनेका या पाच राष्ट्रांनी आपसातील वैर मिटवून, ‘शांततेचा महान कायदा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मौखिक घटनेच्या आधारे हा संघ उभारला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेकडून विस्थापित होऊन आलेले टस्करोरा सहावे राष्ट्र म्हणून त्यात सामील झाले. फ्रेंच व इंग्रज लेखनात त्यांचा उल्लेख इरोक्वाय असा होत आला, आणि लॅक्रॉस संघही अनेक वर्षे याच नावाने खेळला. संघराज्याची मध्यवर्ती सभा ओनोंडागा राष्ट्राच्या भूमीवर, म्हणजे आजच्या न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्युज शहरालगत भरते. शिंपल्यांपासून घडवलेल्या जांभळ्या व पांढऱ्या मण्यांच्या पट्ट्यांना वॅम्पम म्हणतात. करार आणि कायदे स्मरणात ठेवण्यासाठी हे पट्टे विणले जात. पाच राष्ट्रांची एकजूट दर्शवणाऱ्या अशाच एका प्रसिद्ध पट्ट्याची आकृती आजच्या होडिनोशोनी ध्वजावर आहे.

या लोकांची संख्या सव्वा लाखाच्या आसपास असून त्यांच्या वस्त्या मुख्यतः न्यूयॉर्क राज्यात आणि ऑन्टारिओ व क्वेबेक या प्रांतांत विखुरलेल्या आहेत. अक्वेसास्ने ही मोहॉक वस्ती तर अमेरिका-कॅनडा सीमेवरच वसलेली असून सीमारेषा तिच्या मधून जाते. सार्वभौमत्वाचा त्यांचा दावा भावनेवर नव्हे, करारांवर उभा आहे. १७९४ मध्ये कॅनंडेग्वा येथे अमेरिकेने या राज्यसंघाशी केलेला तह आजही अस्तित्वात आहे आणि त्यातील अटीनुसार अमेरिकी सरकार दरवर्षी कापडाची ठरलेली भेट पाठवत आले आहे. १९२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मूलनिवासींना सरसकट नागरिकत्व देणारा कायदा केला, तेव्हा होडिनोशोनी सभेने ते नागरिकत्व नाकारले, कारण तह दोन राष्ट्रांत होतात आणि एका राष्ट्राने दुसऱ्याच्या प्रजेला न विचारता आपले नागरिक करणे हा त्या तहाचाच भंग ठरतो, अशी त्यांची भूमिका होती. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२३ मध्ये, केयुगा राष्ट्राचे प्रमुख डेस्काहे हे होडिनोशोनी पासपोर्टवर प्रवास करून जिनिव्हाला गेले आणि राष्ट्रसंघापुढे कॅनडाविरुद्धची तक्रार मांडण्यासाठी त्यांनी खटपट केली. त्यांना राष्ट्रसंघाच्या सभेत बोलू दिले गेले नाही. पण पुढे लॅक्रॉस संघाने ज्या दस्तऐवजासाठी झुंज दिली, तो पासपोर्ट जागतिक राजकारणात तेव्हाच दाखल झाला होता.

लॅक्रॉसचे या समाजातील स्थान समजून घेतल्याशिवाय या दाव्याची दुसरी बाजू स्पष्ट होत नाही. हा खेळ विधात्याने दिला असून तो त्याच्या मनोरंजनासाठी खेळायचा, अशी होडिनोशोनी श्रद्धा आहे. आजारी व्यक्तीच्या स्वास्थ्यासाठी किंवा समाजावरचे संकट टळावे म्हणून खेळल्या जाणाऱ्या सामन्याला औषधी खेळ म्हणतात. त्यात हरणाच्या कातड्याचा चेंडू आणि लाकडी काठ्या वापरतात, आणि जिंकण्या-हरण्याला महत्त्व नसते. पारंपरिक काठी हिकरी या चिवट लाकडाची असते. लाकूड वाफवून वाकवायचे, महिनोन्‌महिने वाळवायचे आणि मग त्यावर चामड्याची व आतड्याच्या तातीची जाळी विणायची, अशी तिची कृती आहे. १९७० च्या सुमारास प्लॅस्टिकच्या डोक्याची काठी बाजारात येईपर्यंत जगभरातील लॅक्रॉसपटूंच्या हातांतील काठ्या बहुतांशी मूलनिवासी कारागिरांनीच घडवलेल्या असत.

आपल्याच खेळातून हद्दपारी

युरोपीय लेखनात या खेळाचा उल्लेख १६३० च्या दशकात फ्रेंच जेझुइट धर्मप्रसारक झाँ द ब्रेबफ याने केला. अनेक मूलनिवासी जमातींत तो वेगवेगळ्या नियमांनी खेळला जात होता. मैदानाची लांबी आणि खेळाडूंची संख्या ठरलेली नसे. मॉन्ट्रियलमधील दंतवैद्य विल्यम जॉर्ज बियर्स याने १८६० च्या दशकात या खेळाचे लिखित नियम तयार केले, कातड्याच्या चेंडूऐवजी रबराचा चेंडू आणला आणि खेळाडूंची संख्या बारावर आणली. त्यानंतर हा खेळ कॅनडातील गोऱ्या मध्यमवर्गाचा राष्ट्रीय खेळ म्हणून पसरला. मूलनिवासी खेळाडू या काळात प्रदर्शनापुरते हवे होते. कानावाके येथील मोहॉक खेळाडू १८७६ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि व्हिक्टोरिया राणीपुढेही खेळले, परंतु त्यांच्या पोशाखाचे आणि रंगरूपाचे कुतूहल त्यांच्या खेळापेक्षा अधिक होते.

हद्दपारीचे शस्त्र ठरले ते हौशी खेळाडूचे तत्त्व. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी भरून काढण्यासाठी मूलनिवासी संघ सामन्यांचे पैसे घेत. ज्यांच्याकडे शेतजमीन किंवा पगाराची नोकरी नव्हती त्यांना दुसरा मार्गही नव्हता. पैसे घेणारा तो व्यावसायिक, या व्याख्येचा आधार घेऊन कॅनडाच्या राष्ट्रीय लॅक्रॉस संघटनेने १८८० मध्ये मूलनिवासी खेळाडूंना अधिकृत स्पर्धांतून वगळले. परिणामी, ज्यांनी खेळ दिला तेच लोक त्याच्या आंतरराष्ट्रीय इतिहासातून जवळजवळ एक शतक बाहेर राहिले.

याला एक अपवाद घडला, तोही अर्धवट. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉसचा समावेश होता. विनिपेगचा शॅमरॉक्स संघ पहिला आला, सेंट लुइसचा स्थानिक संघ दुसरा आणि ग्रँड रिव्हर येथील मोहॉक खेळाडूंचा संघ तिसरा. ते कांस्यपदक आज ऑलिंपिकच्या नोंदीत कॅनडाच्या खात्यावर दिसते. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कॅनडा आणि ग्रेट ब्रिटन असे दोनच संघ उतरले आणि त्यानंतर पदकांच्या यादीतून हा खेळ नाहीसा झाला. पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा १९६७ मध्ये टोरंटो येथे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड या चार संघांत झाली. टोरंटोपासून सुमारे शंभर किलोमीटरवर ग्रँड रिव्हरची वस्ती आहे, पण त्या वस्तीला स्वतःचा संघ म्हणून त्या स्पर्धेत स्थान नव्हते.

१९८३ : संघाची उभारणी

ही परिस्थिती पालटवण्याचे काम १९८३ मध्ये सुरू झाले. ओनोंडागा राष्ट्राचे ओरेन लायन्स आणि टस्करोरा राष्ट्राचे वेस पॅटरसन व रिक हिल यांनी सहा राष्ट्रांतील खेळाडूंचा एकत्र संघ उभारला. लायन्स हे सिरॅक्युज विद्यापीठाचे गोलरक्षक होते आणि १९५७ च्या हंगामात अपराजित राहिलेल्या त्या संघात पुढे अमेरिकी फुटबॉलमध्ये अजरामर झालेला जिम ब्राउन त्यांचा सहकारी होता. परंतु संघाच्या दृष्टीने त्यांची दुसरी ओळख अधिक मोलाची ठरली : ते कासव कुळाचे, ओनोंडागा परंपरेतील धर्मरक्षक या पदावरचे पुढारी होते आणि १९७७ पासून जिनिव्हातील संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्यासपीठावर मूलनिवासींची बाजू मांडत आले होते. लॅक्रॉस संघ ही त्यांच्या लेखी त्याच राजनैतिक कार्याची शाखा होती.

सुरुवात खडतर झाली. १९८३ मध्येच खेळलेल्या सामन्यांत सिरॅक्युज आणि होबार्ट या त्या काळच्या बलाढ्य संघांनी नव्या संघाचा पराभव केला. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या वेळी तेथे झालेल्या जिम थॉर्प स्मृतिस्पर्धेत हा संघ अन्य राष्ट्रीय संघांशी खेळला आणि १९८५ मध्ये स्वतःच्या पासपोर्टवर इंग्लंडचा दौरा करून आला. १९८६ ची जागतिक स्पर्धा पुन्हा टोरंटो येथे झाली, पण सदस्यत्व नसल्यामुळे संघाला तीत खेळता आले नाही. अखेर ते दशक संपण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय लॅक्रॉस संघटनेने त्याला अमेरिका व कॅनडा यांच्या बरोबरीचा राष्ट्रीय सदस्य म्हणून स्वीकारले. आंतरराष्ट्रीय क्रीडाक्षेत्रात एखाद्या मूलनिवासी राज्यसंघाला असे स्थान मिळण्याचे उदाहरण जवळजवळ दुसरे नाही. राष्ट्रीयत्वाची कसोटी संयुक्त राष्ट्रसंघाच्या यादीवर न ठेवता खेळाच्या इतिहासावर ठेवण्याचा हा निर्णय होता. लॅक्रॉसचे जग तेव्हा लहान होते, आणि त्या लहानपणामुळेच असा निर्णय शक्य झाला, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

पाचव्या स्थानापासून कांस्यपदकापर्यंत

१९९० मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे संघ प्रथमच जागतिक स्पर्धेत उतरला. पाच संघांच्या त्या स्पर्धेत त्याचा क्रमांक पाचवा, म्हणजे शेवटचा लागला. ऑस्ट्रेलियाने होडिनोशोनी पासपोर्ट मान्य केला ही मात्र त्या दौऱ्याची वेगळी मिळकत होती. १९९४ मध्ये मँचेस्टर येथे जपान सहावा संघ म्हणून आला आणि होडिनोशोनी पुन्हा पाचवे राहिले. १९९८ मध्ये बाल्टिमोर, २००२ मध्ये पुन्हा पर्थ आणि २००६ मध्ये ऑन्टारिओतील लंडन अशा सलग तीन स्पर्धांत संघ चौथा आला, आणि तिन्ही वेळा तिसरे स्थान ऑस्ट्रेलियाने घेतले. इंग्लंडला मागे टाकून पहिल्या चारांत जागा पक्की झाली होती, परंतु पदक एका पायरीवर अडले होते.

ती पायरी २०१४ मध्ये ओलांडली गेली. डेन्व्हर येथील त्या स्पर्धेत ३८ संघ होते, म्हणजे संघाच्या पदार्पणाच्या वेळच्या सातपटींहून अधिक. तिसऱ्या स्थानाच्या सामन्यात होडिनोशोनींनी ऑस्ट्रेलियाला १६-५ असे हरवले आणि मैदानी लॅक्रॉसमधील आपले पहिले जागतिक पदक मिळवले. २०१८ मध्ये इस्रायलमधील नेतान्या येथे ४६ संघांच्या स्पर्धेत याच प्रतिस्पर्ध्याला १४-१२ असे, तर २०२३ मध्ये सान डिएगो येथे ११-६ असे नमवून कांस्यपदक राखले गेले. जुन्या तीन चौथ्या स्थानांची बाजू पुढच्या तीन स्पर्धांत बरोबर उलटली.

या उत्कर्षामागे एका पिढीचे कर्तृत्व आहे. लाइल आणि माइल्स थॉम्प्सन या भावांना २०१४ मध्ये अमेरिकी विद्यापीठीय लॅक्रॉसमधील सर्वोच्च असा टेवारेटन पुरस्कार विभागून देण्यात आला. तो मिळवणारे ते पहिले मूलनिवासी खेळाडू ठरले आणि पुढच्या वर्षी लाइलने तो एकट्याने पुन्हा जिंकला. त्यांचे थोरले भाऊ जेरोम व जेरेमी हेही राष्ट्रीय संघातून खेळले. विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्यांमुळे अशा खेळाडूंना मैदानी प्रकाराचा नियमित सराव मिळू लागला, आणि लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या बॉक्स लॅक्रॉसच्या कौशल्याची त्याला जोड मिळाली. पाठीमागून दिलेले पास, एका हाताने केलेले गोल आणि गर्दीतून काढलेली वाट ही या संघाची ओळख झाली, ती या दोन शाळांच्या मिलाफातून.

तरीही पहिल्या दोन स्थानांची भिंत मैदानी प्रकारात अभेद्य राहिली आहे. १९६७ ते २०२३ या काळातील १४ जागतिक स्पर्धांपैकी ११ अमेरिकेने आणि ३ कॅनडाने जिंकल्या. अमेरिकेत शेकडो विद्यापीठांतून खेळाडू घडतात. होडिनोशोनींची सारी लोकसंख्या महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम शहराएवढी आहे. दहा जणांच्या मैदानी खेळात सतत बदली खेळाडू लागतात, मधल्या फळीची दमछाक मोठी असते, आणि उपांत्य फेरीपर्यंत राखीव फळीची खोली निर्णायक ठरते. एवढ्या लहान समाजाने जगातील तिसरे स्थान लागोपाठ तीनदा मिळवणे हे म्हणूनच पदकाच्या धातूवरून मोजण्यासारखे यश नाही.

२०१० : न खेळलेली स्पर्धा

संघाच्या नोंदीत २०१० ची जागा रिकामी आहे. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा मँचेस्टर येथे होती, संघ पदकाच्या दावेदारांत गणला जात होता आणि सलामीचा सामना यजमान इंग्लंडशी ठरला होता. परंतु ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर प्रवासी दस्तऐवजांचे निकष कडक झाले होते, आणि अंशतः हाताने लिहिलेले, यंत्राने वाचता न येणारे होडिनोशोनी पासपोर्ट त्या निकषांत बसत नव्हते. खेळाडूंना परत येऊ दिले जाईल अशी हमी अमेरिकेने दिल्याशिवाय व्हिसा देणार नाही, असे ब्रिटनने कळवले. संघ न्यूयॉर्कमध्ये अडकून पडला. परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी एक वेळची सवलत म्हणून ती हमी दिली, पण त्यानंतरही ब्रिटनने प्रवेश नाकारला.

या पेचातून सुटण्याचा सोपा मार्ग खुला होता. खेळाडूंना तातडीने अमेरिकी पासपोर्ट देण्याची तयारी अमेरिकेने दाखवली होती. तो स्वीकारला असता तर संघ एका रात्रीत मँचेस्टरला पोहोचला असता. संघाने तो नाकारला. ज्या राष्ट्राचे नाव छातीवर लावून खेळायचे, त्याचेच अस्तित्व सीमेवर नाकारून आत जायचे हे त्यांना परस्परविरोधी वाटले. सलामीचा सामना इंग्लंडला बहाल झाला आणि पुढे होडिनोशोनी संघ स्पर्धेतून बाहेर पडला.

कोष्टकाच्या भाषेत ही केवळ अनुपस्थिती आहे. परंतु या संघाच्या हेतूंच्या कसोटीवर पाहिले तर २०१० हे त्याचे सर्वांत परिणामकारक वर्ष ठरते, कारण होडिनोशोनी म्हणून एक राष्ट्र आहे आणि त्याचे स्वतःचे पासपोर्ट आहेत, ही गोष्ट जगभरच्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर आली ती न खेळलेल्या सामन्यांमुळे. अर्थात याची किंमतही प्रत्यक्ष होती : ऐन उमेदीत असलेल्या २३ खेळाडूंची चार वर्षांतून एकदा येणारी संधी हुकली, आणि काहींना ती पुन्हा मिळाली नाही. २०१८ मध्ये इस्रायलला जातानाही पासपोर्टचा प्रश्न शेवटच्या क्षणापर्यंत लोंबकळत होता. त्या वेळी राजनैतिक प्रयत्नांना यश आले आणि संघ आपल्याच कागदपत्रांवर पोहोचला.

बंदिस्त मैदानातील पाच रौप्यपदके

बॉक्स लॅक्रॉसची जागतिक स्पर्धा २००३ मध्ये ऑन्टारिओत सुरू झाली. तेव्हापासून २०१९ पर्यंत झालेल्या पाचही स्पर्धांचा अंतिम सामना कॅनडा आणि होडिनोशोनी यांच्यातच झाला आणि पाचही वेळा कॅनडाने बाजी मारली. २००३ मधील २१-४ हा निकाल एकतर्फी होता. २००७ मध्ये हॅलिफॅक्स येथे मात्र सामना जादा वेळेत गेला आणि कॅनडाने तो १५-१४ असा, एका गोलाने जिंकला. जागतिक विजेतेपदाच्या इतके जवळ हा संघ त्यापूर्वी किंवा त्यानंतर गेला नाही. २०११ मध्ये प्राग येथे १३-६, २०१५ मध्ये १२-८ आणि २०१९ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील लँगली येथे १९-१२ असे पुढचे निकाल लागले.

मैदानी प्रकारात तिसरे आणि बंदिस्त प्रकारात दुसरे, या फरकाचे कारण खेळाच्या रचनेतच सापडते. सहा जणांच्या खेळाला लहान संघ पुरतो, त्यामुळे लोकसंख्येची उणीव कमी जाणवते. शिवाय ग्रँड रिव्हर, ओनोंडागा आणि अक्वेसास्ने येथील मुले बंदिस्त सभागृहांतच वाढतात. कॅनडातही याच प्रकाराची परंपरा खोलवर रुजलेली असल्यामुळे त्याला ओलांडणे अवघड गेले, तर मैदानी प्रकारात अव्वल असलेली अमेरिका येथे दीर्घकाळ मागे राहिली.

यांतील २०१५ ची स्पर्धा वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. ती ओनोंडागा राष्ट्राच्या भूमीवर आणि शेजारच्या सिरॅक्युज शहरात भरली. मूलनिवासी राष्ट्राने यजमान म्हणून आपल्या भूमीवर भरवलेली अशी ही पहिलीच जागतिक क्रीडास्पर्धा मानली जाते. पाहुण्या संघांच्या पासपोर्टांवर होडिनोशोनी शिक्का उमटवण्यात आला. पाच वर्षांपूर्वी ज्यांचा पासपोर्ट नाकारला गेला होता, ते आता इतरांच्या पासपोर्टांवर प्रवेशाची मोहोर लावत होते.

ऑलिंपिकचा दरवाजा

लॅक्रॉसचे जग वाढू लागले तसा या संघापुढचा प्रश्नही बदलला. २०२२ मध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात होणाऱ्या जागतिक क्रीडामेळ्यासाठी, म्हणजे ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांच्या ‘वर्ल्ड गेम्स’साठी, आमंत्रित संघांच्या यादीतून होडिनोशोनींना सुरुवातीला वगळण्यात आले, कारण त्यांना स्वतःची राष्ट्रीय ऑलिंपिक समिती नव्हती. यावर लॅक्रॉस जगतातून तीव्र निषेध झाला. निर्णय बदलला तरी जागा शिल्लक नव्हती. तेव्हा सप्टेंबर २०२० मध्ये आयर्लंडच्या संघाने स्वतःहून माघार घेऊन आपली जागा त्यांना दिली. त्याच २०२२ मध्ये संघाने इरोक्वाय हे नाव सोडून होडिनोशोनी हे स्वतःचे नाव अधिकृतपणे धारण केले.

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांना मान्यता मिळाली. भारतात या निर्णयाची चर्चा क्रिकेटच्या पुनरागमनापुरती झाली, पण त्याच ठरावाने लॅक्रॉसही शंभराहून अधिक वर्षांनी पदकांच्या यादीत परतले. खेळ होणार आहे तो ‘सिक्सेस’ या नव्या, आटोपशीर प्रकारात : प्रत्येक बाजूस सहा खेळाडू, लहान मैदान, आठ-आठ मिनिटांची चार सत्रे आणि आक्रमणाला तीस सेकंदांची मर्यादा. लहान संघाला पोषक असलेला हा प्रकार होडिनोशोनींच्या बळाशी जुळतो; अडचण खेळाची नसून सनदेची आहे. ऑलिंपिकमध्ये केवळ राष्ट्रीय ऑलिंपिक समित्याच संघ पाठवू शकतात, आणि १९९६ पासून अशी नवी समिती फक्त आंतरराष्ट्रीय समुदायाने मान्य केलेल्या स्वतंत्र राज्यालाच मिळते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जो बायडेन यांनी होडिनोशोनींना स्वतःच्या ध्वजाखाली खेळू द्यावे अशी जाहीर भूमिका घेतली आणि कॅनडा सरकारनेही पाठिंबा दिला. ऑलिंपिक समितीचे त्यावरचे उत्तर असे होते की या खेळाडूंनी अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या संघातून खेळावे.

हे उत्तर नियमाला धरून असले, तरी ऑलिंपिकचा इतिहास इतका काटेकोर नाही. पोर्तो रिको आणि हाँगकाँग हे सार्वभौम देश नसूनही जुन्या मान्यतेच्या बळावर आपल्या नावाने उतरतात. भारताचे उदाहरण तर मराठी वाचकाला जवळचे आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांतून आणि दोराबजी टाटा यांच्या पुढाकारातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला जो संघ गेला, त्यात मॅरेथॉन धावणारे फडेप्पा चौगुले होते. तो संघ भारताचा म्हणून गेला, आणि भारत स्वतंत्र झाला तो त्यानंतर २७ वर्षांनी. राज्य आधी आणि संघ नंतर, हा नियम त्या काळी लावला असता तर भारताच्या ऑलिंपिक इतिहासाची पहिली पाने, हॉकीतील तीन सुवर्णपदकांसह, दुसऱ्याच देशाच्या खात्यावर जमा झाली असती.

होडिनोशोनींच्या बाबतीत ते एकदा घडले आहे. १९०४ चे कांस्यपदक कॅनडाच्या नावावर आहे. अमेरिका किंवा कॅनडा यांच्यातर्फे खेळण्याचा पर्याय स्वीकारला तर वैयक्तिक गुणांना न्याय मिळेल, कदाचित सुवर्णही मिळेल, परंतु चाळीस वर्षांत उभी राहिलेली नोंद तेथे खंडित होईल, कारण या संघाने मिळवलेले प्रत्येक स्थान, पाचव्यापासून दुसऱ्यापर्यंत, त्याच्या स्वतःच्या नावावर आहे आणि तेच त्याच्या स्थापनेचे प्रयोजन होते. लॅक्रॉसच्या जागतिक संघटनेने १९८० च्या दशकात जो प्रश्न खेळाच्या इतिहासाच्या आधारे सोडवला, तोच आता ऑलिंपिक समितीपुढे अधिक मोठ्या प्रमाणावर आला आहे. सवलत दिली तर इतर राज्यविहीन समाजांचे दावे पुढे येतील ही समितीची धास्ती निराधार नाही; मात्र असा दावा करणाऱ्यांपैकी ज्याने स्पर्धेचा खेळच जगाला दिला, स्वतंत्र संघ म्हणून त्या खेळात जागतिक पदके मिळवली आणि ज्याच्या पाठीशी संबंधित दोन्ही देशांची सरकारे उभी राहिली, असा समाज दुसरा दाखवता येणे कठीण आहे, आणि अपवादाचे समर्थन करण्यासाठी याहून भक्कम आधार क्वचितच सापडेल.